लहान इंजिन, झिजलेले टायर

आई, तू गेलीस त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोललो. घराचं छप्पर बदललं तेव्हा बोललो, नात झाली तेव्हा बोललो. त्या जीपबद्दल मात्र कधी बोललो नाही. विषय तिकडे वळायला लागला की मी दुसरंच काहीतरी काढायचो. तू जिवंत असतानाही असंच करायचो, ते तुला ठाऊक असणार.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात ऑपरेटर होतो. तीन पाळ्या, शुक्रवारी सुट्टी. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाचा भाऊ जहाजावर होता. त्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटमध्ये जपानमधल्या घाटात गाड्या आडव्या सरकत वळणं घेताना पाहिल्या. मागची चाकं सुटलेली, पुढची उलट दिशेला वळलेली, आणि तरी गाडी रस्त्यावरच. आता त्याला ड्रिफ्टिंग म्हणतात. तेव्हा आम्ही नुसतं ‘आडवी मारणं’ म्हणायचो. ती कॅसेट मी पाच-सहा वेळा पाहिली असेल. बाबा गेल्यावर तू मला समुद्रावर जाऊ दिलं नाहीस आणि मीही कधी हट्ट धरला नाही. पण आपल्या हाताखाली काहीतरी निसटतंय आणि आपण ते धरून ठेवतोय, ही भावना मला हवी होती, हे ती कॅसेट पाहताना कळलं. महिनाभराने लिलावातून निघालेली एक जुनी जीप मी नवापूरला घरी आणली आणि तुझ्या बोंबील वाळवायच्या वलांडीशेजारी उभी केली.

तू टोपली उतरवलीस, जीपभोवती एक फेरी मारलीस आणि विचारलंस, “ही काय कामाची?”

मी सांगितलं. कॅसेटबद्दलही सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “दर्यात जाऊ नाय दिला, तर जमिनीवर बुडायला निघालास.” शेजारची काकू हसली. तू हसली नाहीस.

त्या रात्री जेवताना तू बाबांच्या होडीची गोष्ट काढलीस. त्याआधी तू ती मला कधीच पूर्ण सांगितली नव्हतीस. मला एवढंच माहीत होतं की होडी बुडाली, दोघे खलाशी दुसऱ्या बोटीने परत आणले आणि बाबा आले नाहीत. होडी शिडाची होती, आजोबांच्या वेळची. किनाऱ्यावर सगळे मशीन बसवत होते म्हणून बाबांनीही बसवायचं ठरवलं. तिला दहा हॉर्सपॉवरचं इंजिन पुरलं असतं. त्यांनी तीसचं बसवलं. “मशीन मोठी घेतली,” तू म्हणालीस, “मग म्हणाला, एवढी मशीन हाय तर जाळं मोठं पायजे. जाळं मोठं झालं तर म्हणाला, जवळ कशाला मारू, लांब जातो. होडी तीच. फळ्या त्याच. मशीन हादरवायची तसा फळ्यांच्या फटीत ठासलेला कापूस रोज थोडा थोडा सुटायचा, नि हा रोज थोडा लांब जायचा.” मग तू माझ्या ताटात भात वाढलास आणि विचारलंस, “तुज्या गाडीत किती हॉर्स हाय?”

मी म्हणालो, आहे ते जुनं पेट्रोलचं, दमलेलं. गॅरेजवाला मेस्त्री म्हणतो, एका ट्रकचं मोठं डिझेल इंजिन मिळतंय, ते बसवू.

“नाय,” तू म्हणालीस. “हाय ते ऱ्हाऊ दे. शिकणाऱ्याला लहान.”

मला राग आला. गाड्यांतलं तुला काय कळतं, असं मी तोंडाने बोललो नाही, पण तुला ते दिसलं असावं. तू रोज पहाटे टेम्पोत माशांच्या टोपल्यांवर बसून बोईसरच्या बाजारात जायचीस. चिखलात टेम्पोचं मागचं चाक कधी घसरतं, ड्रायव्हर घाबरून ब्रेक दाबतो तेव्हा काय होतं आणि नुसता पाय उचलतो तेव्हा काय होतं, हे तू मला त्याच जेवणावर सांगितलंस. पुढे कित्येक वर्षांनी हेच मी पुस्तकात वाचलं. तिथे चित्रं काढून समजावलं होतं, आणि तुझ्याहून जास्त काही सांगितलेलं नव्हतं.

टायर घ्यायला तूच बरोबर आलीस. बाजार आटोपून, रिकामी टोपली काखेत धरून, हायवेच्या बाजूच्या जुन्या टायरवाल्याकडे. मेस्त्रीने मला सांगितलं होतं की शिकताना पुढे चांगले दात असलेले टायर घ्यायचे, म्हणजे स्टिअरिंग ऐकतं, आणि मागे झिजलेले, म्हणजे कमी ताकदीतही चाकं सुटतात, गाडी हळू असतानाच आडवी होते आणि चुकलं तरी सावरायला वेळ मिळतो. मी तुला तेवढंच सांगितलं. टायरवाल्याने काळेभोर, चकचकीत टायर पुढे केले. तू एकावर अंगठा दाबलास, बाजूच्या रबरावरून नख ओढलंस, वाकून वास घेतलास.

“ह्यो बर्फातला हाय,” तू म्हणालीस.

“मावशी, टायर आहे हा. पापलेट नाही,” टायरवाला म्हणाला.

“वरून तेल लावून चमकवलंस ना? आमी पण पाणी मारतो. आतून फुटलाय बग.” आणि खरंच, नखाखाली बारीक चीर उघडली. टायरवाल्याने आतून दुसरे काढले. तू चार निवडलेस. दोन दातांचे, दोन गुळगुळीत पण अंगाने धड. “हे पुढे, हे मागे,” तू मला दोनदा बजावलंस, जणू मी ते विसरणार होतो. जुन्या इंजिनाला तुझी संमती होती, टायर तू निवडलेले होते, आणि एक अट होती: पहिल्या दिवशी तू शेजारी बसणार. “तुज्या बापाने मशीन बसवली तवा मी म्हटलेलं, मला एक फेरी ने. म्हणाला, बायका होडीत चढत नाय. ह्या खेपेला मी बसणार.”

मी हो म्हणालो. आणि त्याच आठवड्यात मेस्त्रीकडे जाऊन मोठं इंजिन बसवलं.

कारण विचारशील तर आजही नीट सांगता येणार नाही. मेस्त्री उत्तरेकडचा होता. तो म्हणाला, “छोटे में मज़ा नहीं आएगा, भाई. आज नहीं तो कल बदलोगे.” तेवढंच पुरलं. इंजिन बसल्यावर झिजलेले टायर मागे टिकेनात. पाय टेकवला की चाकं जागच्या जागी फिरत, गाडी वाटेल तिकडे जाई. मेस्त्रीने तोडगा काढला, पुढचे दातांचे टायर मागे घाल, पकड येईल. घातले. पकड आली. पण आता चाकं सुटायची तर वेग दुप्पट लागायचा, आणि पुढे गुळगुळीत टायर राहिले. ते टायर बदलत असताना मला तुझं जेवतानाचं बोलणं आठवलं. मशीन, मग जाळं, मग लांब. आठवलं, आणि तरी मी बोल्ट आवळत राहिलो.

शुक्रवारची दुपार. औद्योगिक वसाहतीच्या टोकाला, जिथे प्लॉट पाडून झालेत पण कारखाने आलेले नाहीत, तिथे रुंद रस्त्याचं एक रिकामं वर्तुळ आहे. कडेने पाण्याचं उघडं गटार. बंद कारखान्यांच्या बाजूने नेहमीचा आंबूस वास येतोय. तू रिक्षातून उतरतेस, पदर कमरेला खोचतेस. मी जीप चालू करून आत बसलो आहे आणि तू पावलं टाकता टाकता थांबतेस. आपल्याकडे संध्याकाळी बोटी दिसायच्या आधी आवाज येतो, आणि किनाऱ्यावरची प्रत्येक बाई सांगते की ही कोणाची, ती कोणाची. तू थांबून ऐकतेस. मग मागच्या बाजूला जातेस, वाकतेस, टायरवर अंगठा दाबतेस. ते तूच निवडलेले होते, कुठला कुठे जायचा हे तूच दोनदा सांगितलेलं होतं. तू सरळ होतेस, हात पदराला पुसतेस, येऊन माझ्या शेजारी बसतेस.

“लहानच हाय ना?”

“हो,” मी म्हणालो.

तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. “चालव,” म्हणालीस, आणि समोरचा लोखंडी दांडा उजव्या हाताने धरलास.

पहिलं अर्धं वळण मी ज्याची स्वप्नं पाहिली होती तसं गेलं. मागचा भाग सुटला, मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, गाडी आडवी झाली आणि आडवीच वाहत राहिली. मला वाटतं मी हसलोसुद्धा. मग मला अजून हवं होतं म्हणून पाय दाबला, गाडी जास्तच फिरायला लागली तसा एकदम सोडला. मागचे टायर एकदम जमिनीला चिकटले, गाडीने उलट्या बाजूला झोका घेतला, मी स्टिअरिंग फिरवतोय आणि पुढचे गुळगुळीत टायर ऐकत नाहीत. गटार समोर येत होतं. तू ओरडली नाहीस. मी ओरडलो. पुढचं डावं चाक गटारात गेलं, जीप वाकडी होऊन थांबली, आणि इंजिन बंद पडल्यावर तुझा श्वास ऐकू आला. दांडा तू सोडला नव्हतास, म्हणून मनगट मोडलं होतं.

सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालणाऱ्याला तू म्हणालीस, खडकावर शेवाळ होतं, पाय घसरला. घरी आल्यावर काकूलाही तेच. मला वाटलं, आता दार लावून तू बोलशील. तू बोलली नाहीस. तीन महिने तुला टोपली उचलता आली नाही, कोयता धरता आला नाही. सकाळी मी मासे कापायला बसायचो आणि तू डाव्या हाताने दाखवायचीस, इथून, तिरका धर. पुढच्या शुक्रवारी मी मेस्त्रीकडे जाऊन मोठं इंजिन उतरवलं, जुनं परत बसवलं, टायर बदलले. जीप अंगणात आली. तू तिचा आवाज ऐकलास आणि म्हणालीस, “आता जा. शीक.” एवढंच. ‘आता’ हा शब्द मी तेव्हा ऐकला, आणि ऐकू न आल्यासारखं केलं. दोन पावसाळे त्या दमलेल्या इंजिनावर शिकलो. ओल्या जमिनीवर, हळू, शंभरदा चुकत. तुझं मनगट मात्र थंडीत दुखत राहिलं, शेवटच्या आजारपणातसुद्धा तू ते उशाखाली दाबून झोपायचीस.

आता निवृत्त झाल्यापासून केळव्याच्या बाजूला एका मोकळ्या जागेत मी लोकांना हे शिकवतो. मुंबईहून येतात, सुट्टीच्या दिवशी. बहुतेकांना पहिल्याच गाडीत भरपूर ताकद हवी असते आणि रुंद, नवे टायर. मी सांगतो, लहान इंजिन घ्या, मागे झिजलेले टायर लावा, जास्तीची ताकद तुमची चूक झाकते आणि मग एकदम दाखवते. हे कोणी शिकवलं असं विचारलं की सांगतो, माझ्या आईने. ती मासे विकायची. लोकांना ते आवडतं. गेल्या रविवारी एका बाईने विचारलं, “आणि तुम्ही ऐकलंत तिचं?” चाळिशीची असेल, मुलाला घेऊन आली होती. मी म्हणालो, हो.

ते मोठं इंजिन होतं, आई. तुला माहीत होतं हे मला माहीत आहे, आणि तू विचारलंस ते कळावं म्हणून नव्हे, मला मागे फिरता यावं म्हणून. मी फिरलो नाही.

हे पाठवायला आता ठिकाण नाही, पण तू असतीस तरी काय झालं असतं? तुला वाचता येत नव्हतं. ताईची सासरहून येणारी पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो. हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, तुझ्यासमोर बसून, मोठ्याने. आणि ‘ते मोठं इंजिन होतं, आई’ इथवर आल्यावर त्या दोन-तीन ओळी मी गाळल्या असत्या.