गावचं भात आणि गच्चीवरचे टब

बाबा, आज मुलुंडच्या कॉलेजच्या गच्चीवर आपल्या गावच्या भाताचे टब पुन्हा लावले. ते सांगायला लिहायला बसले. दुसरंही एक सांगायचं आहे, त्याला हात धजत नाही.

आपलं भात वासाचं, पण छातीएवढं उंच. दाणा भरला की वाऱ्यानं आडवं पडायचं आणि चिखलात लोंब्यांना कोंब फुटायचे. तुम्ही म्हणायचात, "ह्येची उंची जरा कमी कर गो, वास मात्र ऱ्हवांदे." मी ते मनावर घेतलं. बुटक्या जातीशी संकर करून वास टिकलेली ठेंगणी रोपं निवडली. ती ठेंगणी नेमकी कशामुळे, एवढं बघायचं राहिलं होतं. भाताला उंच करणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक असतं. ते तयार करणारा जनुक बिघडला की रोप बुटकं राहतं, आणि बाहेरून जिबरेलिन फवारलं की तेच रोप सरसर वाढतं. म्हणून अर्ध्या टबांवर जिबरेलिन फवारायचं, अर्ध्यांवर नुसतं पाणी.

निवृत्तीनंतर तुम्ही रोज दुपारी गच्चीवर यायचात, माझ्यापेक्षा जास्त वेळ रोपांपाशी बसायचात. त्या सोमवारी मी वर येते, तर सगळ्या टबांत काठ्या रोवलेल्या आणि रोपं सुतळीनं बांधलेली. "आडवा पडलेला, बाय, म्हणान बांधलंय," तुम्ही खुशीत सांगता. मी शिपायासमोर ओरडले, "हात लावायला कोणी सांगितलं होतं बाबा? सगळ्या प्रयोगाची वाट लावलीत!" "चुकला माझा," एवढंच म्हणालात. एकेक गाठ सोडलीत आणि परत कधी गच्चीवर आला नाहीत. दोन महिन्यांनी गेलातच.

हे भात मी सोडणार नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, पुरे कर, दुसरा विषय घे. मी नाही म्हटलं. या वेळी दोन्ही बाटल्यांवर ठळक चिठ्ठ्या लावल्यात, पाण्याचा फवारा वेगळा ठेवलाय. नाही जमलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावीन. ते वाऱ्यात उभं राहिलेलं बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आता ते दुसरं. तेव्हा बाटल्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. पाण्याच्या म्हणून ठेवलेल्या टबांवरही माझ्या हातून जिबरेलिनच फवारलं गेलं, म्हणून सगळीच रोपं वाढून आडवी झाली. तुमच्या सुतळीनं काहीच बिघडलं नव्हतं. स्वतःचाच राग आला होता, तो तुमच्यावर काढला. आणि हे पत्र कुठे पोचणार नाही म्हणूनच लिहायचं धाडस होतंय: माझी चूक मला त्या सोमवारच्या आधी, शनिवारी उंची मोजतानाच कळली होती.