वाय शून्य धरल्यावर

प्रिय पिटुकले,

तुझ्या बाबांनी ठेवलेलं हे नाव मी पहिल्यांदाच वापरते आहे. आधी तुझं शाळेतलं नाव लिहिलं होतं, पण हजेरी घेतल्यासारखं वाटलं, म्हणून तो कागद फाडला. तू आता दाराच्या चौकटीला डोकं टेकेल इतकी उंच झालीस, तेव्हा नाव काही शोभत नाही. पण दुसरं माझ्याकडे नाही.

गेल्या आठवड्यात तू फोन करून विचारलंस की आलेख अक्षांना कुठे छेदतो ते कसं काढायचं, शेजारच्या मुलीला शिकवायचं आहे. दूध उतू जात होतं म्हणून मी घाईघाईत काहीतरी सांगितलं. शिकवणं अर्धवट टाकायची मला सवय नाही, म्हणून नीट लिहिते. फोनवर दिली होती तीच रेषा घे, 2x + 3y = 12. एक्स-अक्षावरचा कुठलाही बिंदू अक्षाच्या वर नसतो की खाली नसतो, म्हणजे त्याचा वाय शून्य. म्हणून वाय शून्य धरायचा. उरतं 2x = 12, म्हणजे एक्स सहा. रेषा एक्स-अक्षाला (6, 0) पाशी छेदते. मग एक्स शून्य धरला की वाय चार येतो, तो दुसरा बिंदू (0, 4). दोन बिंदू मिळाले की पट्टी ठेवून रेघ ओढायची, संपलं. मुलं हटकून एक चूक करतात. एक्स-अक्ष म्हटलं की बिचाऱ्या एक्सलाच शून्य करून बसतात. तूही करायचीस, आणि मी तुझ्या वहीत लाल शाईने लिहायचे, 'चोर सोडून संन्याशाला फाशी'.

तेव्हा मी फक्त तुझी गणिताची बाई होते. तुझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तुझे बाबा तुझ्या मार्कांची चौकशी करायला शाळेत आले आणि बोलता बोलता म्हणाले, तुमच्या चष्म्याची दांडी वाकली आहे. माझ्या नाकावरून चष्मा काढून घेतला, खिशातल्या पकडीने सरळ केला आणि परत दिला. तुझ्या मार्कांचा विषय तिथेच राहिला. आमचं लग्न झालं तरी तू मला बाईच म्हणत राहिलीस, आणि अहो-जाहो करणंही सोडलं नाहीस. तुझी 'बाई' ही हाक ऐकून समोरच्या काकूंनी एकदा जिन्यात विचारलं, काय गं, कामाला नवीन बाई मिळाली का? तू म्हणालीस, हो, गणिताच्या कामाला. तुझे बाबा ते चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटले होते. आई म्हण असं मी कधी सांगितलं नाही. आई तुला होती, आणि तिची जागा मला नको होती.

आपल्या दोघींचं सगळं बोलणं त्यांच्यामार्फत व्हायचं, हे आता जाणवतं. तू त्यांना फोन करायचीस, ते मनसोक्त गप्पा मारायचे आणि शेवटी म्हणायचे, घे, बाईंशी बोल. तू विचारायचीस, बऱ्या आहात ना? मी म्हणायचे, बरी आहे, तू? की फोन पुन्हा त्यांच्याकडे. ते गेल्यावर तू राहिलीस, सगळं निस्तरलंस, मग जावईबुवांची रजा संपली. त्यानंतर तुझा फोन आला तो बँकेच्या सहीसाठी. मी केला तो सही झाल्याचं सांगायला.

इकडची बातमी म्हणजे दुकान रिकामं करून दिलं. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता काढला तर मागे भिंतीवर पांढरा चौकोन उरला. आवराआवर चालली होती तेवढ्यात एक गृहस्थ दुरुस्तीला टाकलेला चष्मा मागायला आले. शोधला तर सापडला, दुरुस्त होऊन, काच पुसून, कागदात गुंडाळलेला. मग मात्र मला रडू आवरेना, तेही त्या परक्या माणसासमोर. ते बिचारे म्हणाले, राहू द्या, मी नंतर येतो, आणि चष्मा न घेताच निघाले. मला त्यांच्यामागे धावावं लागलं.

माझा दादा सारखा म्हणतो आहे, घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे कायमची राहायला ये. वहिनीने माझ्यासाठी खोलीला रंगसुद्धा लावून घेतला. लोक म्हणतात तशा इथल्या भिंती काही खायला उठत नाहीत, पण एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो आणि एकच भाजी दोन-दोन दिवस पुरवते. दादा उत्तरासाठी घायकुतीला आला होता. एकदा चिडून म्हणाला, तुला तिथे आता आहे कोण?

शेजारच्या मुलीला हेही सांग की प्रत्येक आलेख अक्षाला छेदतोच असं नाही. y = x² − 6x + 9 हा तीनपाशी अक्षाला नुसता टेकतो आणि वर निघून जातो. y = x² + 1 तर एक्स-अक्षाच्या वाटेलाच जात नाही. हा काढताना तू रडकुंडीला आली होतीस, आपलंच चुकलं म्हणून. बाबा आतून म्हणाले, अगं, नसेल त्याला भेटायचं, बळजबरी कशाला करतेस? यातून आयुष्याबद्दल काही शोधू नकोस. वर्गात तसं करणाऱ्यांना मी बाहेर उभं करत असे.

आता खरं कारण लिहिते. फोनवर मी म्हणाले, वाय शून्य धर, आणि मी पुढचं बोलायच्या आत तू 'सहा' म्हणालीस. माझं लक्ष दुधाकडे होतं, मला ते दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना उमगलं. तू रस्त्यांचे चढउतार कागदावर काढून पगार घेतेस, तुला अक्ष कोण शिकवणार? शेजारच्या मुलीचंही मला फारसं खरं वाटत नाही. तुला फोन करायला काहीतरी निमित्त हवं होतं. मलाही हवं होतं, पण मला सुचलं नाही, तू निदान शोधून काढलंस. पिटुकले, निमित्त लागत नाही गं. मला तुझी फार आठवण येते. त्यांची मुलगी म्हणून नाही, तुझी. दादाला काल कळवून टाकलं की मी येत नाही. त्याने कारण विचारलं, तेव्हा म्हटलं, मी इथून हलले तर माझ्या मुलीला माहेर कुठलं? सुट्टी मिळाली की ये. निघताना घराची किल्ली शोधत बसू नकोस, मी घरीच असते.

तुझीच,
बाई