राक्षसाचं स्वगत

गुरुवार, इलेक्ट्रॉनिक सिटी

आज मीटिंगमध्ये मी बोलले. मलाच अजून खरं वाटत नाही.

आमच्या कार्टून मालिकेचा लेखक त्या जुन्या इंग्रजी नाटककाराचा भक्त आहे. वादळं, भुतं, वेषांतरं, सगळं तिथूनच येतं. या भागात डोंगरातला राक्षस एकटाच मनातलं बोलतो. स्वगतच ते. दिग्दर्शक म्हणाला, "मुलं कंटाळतील, काढून टाका." त्या राक्षसाच्या हालचाली मीच काढतेय. तोंडातून निघून गेलं, "त्याचं ऐकायला कुणी नाही, म्हणून तो स्वतःशी बोलतो. तेवढंही काढलं तर त्याच्याकडे उरतं काय?" तेही माझ्या मोडक्या हिंदीत.

मग दिग्दर्शक म्हणाला, "तूच करून दाखव." हालचालींच्या नमुन्यासाठी लावलेल्या कॅमेऱ्यासमोर उभी राहून ते अख्खं स्वगत म्हटलं. दिग्दर्शकाने स्वगत ठेवलं.

निघताना आवाजाचं काम बघणाऱ्या नेत्राअक्का जवळ आल्या. इथल्याच जुन्या मराठी घरातल्या आहेत, बोलण्यात कानडी शब्द येतात. "स्वल्प थांब गं. एवढं छान बोलतेस, मग रोज गप्प का असतेस?"

"सवय नाही," म्हटलं.

खोटंच. पुण्यात माझं तोंड बंद नसायचं. इथे कुणी विचारतच नाही, असं मी रोज स्वतःला सांगते. आज त्यांनी विचारलं. चहाला चल म्हणाल्या. आणि मी? बस चुकेल म्हणून निघून आले.

स्टॉपवर कितीतरी वेळ उभी होते. समोरून एकेक बस जाऊ दिली.