पेडलवरचे ठोकळे

रिठद,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रामराव भाऊजी यांस,

नमस्कार. तुम्ही, सोजर आणि आसेगावची तिच्या माहेरची मंडळी बरी आहात असं धरून लिहिते. इकडचं म्हणाल तर हळद काढायला घेतली आहे. यंदा गड्डे चांगले पोसलेत. मेथीला भाव नाही, वांग्यांना आहे. कस्तुराबाई रोज खुरपं टेकवलं की विचारते, "रामरावभाऊ कवा येऊन राह्यले?" मी म्हणते, येतील. ती म्हणते, "तुमी भाषनात खरं बोलता, घरी काहून नाही?" तिच्याशी बोलण्यात मी हरते.

फोन तुम्ही उचलत नाही. उचलला असता तरी मी त्यावर भाषणच केलं असतं. म्हणून कागद घेतला. कागद टाळ्या वाजवत नाही, एवढं तरी बरं.

गाडी विकली गेली. परवा संध्याकाळी लिलाव संपला. तनुजा त्यासाठी पुण्याहून आली होती. ओसरीत लॅपटॉप मांडून बसली आणि मी तिच्या शेजारी. लिलाव म्हटलं की मला रिसोडचा बाजार आठवतो, हळदीच्या ढिगाभोवती माणसं, हुज्जत, चहा, एखाद्याची रुसून निघून जायची धमकी. इथं त्यातलं काहीच नव्हतं. वेळ कमी होत होता, आकडा वाढत होता. बोली लावणाऱ्याला ना तोंड ना नाव. शेवटी पडद्यावर एक हिरवी पट्टी आली आणि तनुजा हळूच म्हणाली, "आई, गेली." पोरगी घरातलं कोणी गेल्यावर बोलावं तशी बोलली.

घेणारे बंगळूरचे आहेत. त्यांच्याकडे अशा बऱ्याच जुन्या गाड्या आहेत म्हणे, काचेच्या भिंतीआड ठेवलेल्या. येत्या रविवारी त्यांचा ट्रक येईल.

लिलावासाठी गाडीची माहिती मी लिहिली. कारंज्याचं कापसाचं जिनिंग मोडलं तेव्हा मालकानं ही दोन माणसांची, उघडी, विलायती गाडी भंगारात काढली होती. गुलाबराव आणि रामराव या दोन भाजीपाला पिकवणाऱ्या भावांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून रिठदला आणली. आतला कुजलेला लाकडी सांगाडा सागवानात नव्यानं घडवला. वरचा कापडी टप घरातल्या शिलाई मशीनवर शिवला. तनुजा म्हणाली, "आई, हे वर्णन आहे की पोवाडा?" पण बोली चढली ती त्यानंच. एकानं विचारलं, रेडिएटरमधलं पाणी पिवळं का दिसतं? मी लिहिलं, गळती थांबवायला आमच्या दिरांनी त्यात हळद घातली आहे, आमच्याच वावरातली. तुम्ही असता तर हसला असता.

पैसे मुलींच्या वाचनालयाला द्यायचे आहेत. रिसोडच्या सभेत मी तसं जाहीरच केलं होतं. त्या सभेबद्दल लिहायचं आहे, पण आधी दुसरं लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात तुमचे दादा गेले, त्या दिवशीचं मला फारसं आठवत नाही. एक आठवतं. चुलत घरच्या बाया माझ्या बांगड्या फोडायला पुढे आल्या आणि तुम्ही दारात आडवे उभे राहिलात. डोळे सुजलेले, अंगात बनियन. म्हणालात, "वहिनीच्या बांगड्याले ज्यानं हात लावला, तो माह्या घराची पायरी चढनार नाही." मी तीस वर्षं गावोगाव हेच सांगत फिरले होते. पण त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. माझं भाषण तुम्ही केलंत, एका वाक्यात. त्या बांगड्या आत्ताही माझ्या हातात आहेत. लिहिताना कागदाला लागतात.

हे सगळं ठाऊक असताना मी दसऱ्याला तसं कसं वागले, हा प्रश्न मी स्वतःला विचारत असते. उत्तर मिळतं, ते मला आवडत नाही.

तुम्ही पहाटेच गाडी धुतली होती. झेंडूची माळ घातली होती, चाकांखाली लिंबं ठेवली होती. माझ्या सभांना सोबत येणारा धम्मपाल, कस्तुराबाई, शेजारची सगळी अंगणात जमली होती. दरवर्षी दादा गाडीत बसायचे आणि मी ओवाळायची. यंदा ती जागा रिकामी होती. तरी मी ताट घेऊन निघाले. तुम्ही पुढे झालात, माझ्या हातातलं ताट घेतलंत आणि सोजरच्या हातात दिलंत. म्हणालात, "वहिनी, यंदा तुमी ताट नका धरू."

पुढे तुम्ही काहीतरी बोलणार होतात. मी बोलू दिलं नाही.

मला विधवेच्या हातातून काढून घेतलेलं ताट दिसलं. तेवढंच दिसलं. तेच बघायचं शिकत मी म्हातारी झाले आहे. पुस्तकांत तेच वाचलं, गावागावांत तेच पाहिलं, त्याच्याशीच भांडले. मी अंगणातच सभा सुरू केली. नवऱ्याबरोबर बाईचे हातही जाळता का, असं विचारलं. दारात आडवं उभं राहणं सोपं असतं, सणाच्या दिवशी खरा माणूस कळतो, असंही म्हणाले. तुम्ही मध्ये दोनदा म्हणालात, "वहिनी, आंदी आयकून तं घ्या." मग खिशातून गाडीची किल्ली काढून बॉनेटवर ठेवलीत आणि मळ्याकडे चालू लागलात. मला वाटलं, रागानं ठेवली. घ्या तुमची गाडी, म्हणून.

दिवाळीनंतर रिसोडची सभा झाली. हे प्रकरण मी तिथं सांगितलं. नाव घेतलं नाही. नाव न घेता माणूस उभा करण्यात माझा हात कोणी धरत नाही, हे तुम्ही बाजूला बसून कितीदा ऐकलं आहे. ती गाडी मी विकणार, असंही तिथंच सांगितलं. ज्या लोखंडाला ओवाळायला माझा हात चालत नाही, ते लोखंड माझ्या दारात नको. लोक उठून उभे राहिले. नंतर धम्मपालनं सांगितलं की तुम्ही आला होतात, शेवटच्या रांगेमागे, खांबाला टेकून. माझ्या सभेला तुम्ही आला नाहीत असं कधी झालंच नव्हतं, हे मला कसं सुचलं नाही? मागच्या आठ-दहा माणसांनी वळून तुमच्याकडे पाहिलं म्हणे. त्याच आठवड्यात तुम्ही बिऱ्हाड आसेगावला हलवलंत.

आता ठोकळ्यांचं.

लिलावाच्या शेवटच्या दिवशी सकाळी आणखी एक प्रश्न आला. फोटोत क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, तिन्ही पेडलांवर लाकडी ठोकळे दिसतात. ते मूळ गाडीत नसतात. कशासाठी लावले आहेत? मला काही माहीत नव्हतं. मी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेले आणि पहिल्यांदाच चालवणाऱ्याच्या जागी गाडीत बसले. सीटवर नवी उशी होती, सोजरच्या हातची शिवण. मी पाय पुढे केले.

पाय पुरले, भाऊजी.

दादा मला शिकवायचं म्हणायचे आणि मी पाय पुरत नाहीत म्हणून टाळायची. ते चिडवायचे, "तू दुनिया हालवतं, अन् क्लच तं हालत नाही तुह्याच्यानं." तुम्ही दोघं भाऊ ताडासारखे, ती गाडी तुमच्या मापाची. ते ठोकळे तुमच्या कामाचे नव्हते. घरात त्या मापाचे पाय एकाच माणसाचे आहेत.

मी सोजरला फोन केला. ती मग म्हणाली, "बाई, ह्यांनी बाभळीचे ठोकळे घासून घासून बनवले. दसऱ्याले तुमाले गाडीवर बसवाचं होतं. दादाच्या जागी. जो गाडी चालवते त्यालेच ओवाळतेत न आपल्यात? तो काय सोताच ताट धरते? म्हनून ताट माह्यापाशी देल्लं. किल्ली तुमाले द्यायची होती."

मी विचारलं, "मग त्याच वेळी सांगितलं काहून नाही?"

"तुमी बोलू देल्लं कुठं, बाई?"

इथपर्यंत लिहिणं अवघड नव्हतं. आता लिहिते ते दोन दिवस टाळते आहे.

लिलाव संपायला तेव्हा अख्खा दिवस बाकी होता. तनुजाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, अजून गाडी मागे घेता येते. कंपनी दंड लावेल, तो मी भरते." मी म्हणाले, "भर सभेत शब्द दिला आहे." ती म्हणाली, "आणि काकाला काय दिलं?"

मला रिसोडचे लोक दिसत होते. गाडी मागे घेतली तर का घेतली ते सांगावं लागेल. त्याच माइकसमोर उभं राहून सांगावं लागेल की हा माणूस तसा नव्हता, मी चुकले. तेवढी हिंमत माझ्यात निघाली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भ्याडपणावर बोलले. मी लॅपटॉप पुढे ओढला आणि त्या प्रश्नाखाली लिहिलं, "ठोकळे काढता येतात. गाडी मूळ स्थितीत मिळेल."

माझ्या हातून आजवर हजारो वाक्यं लिहून झाली असतील. हे मला पुसता येत नाही.

गाडी आता परत मिळणार नाही. तो सौदा झाला. पण २ मार्चला वाचनालयाच्या कामाची सभा आहे, रिसोडलाच, त्याच मैदानात. तिथं मी तुमचं नाव घेऊन सांगणार आहे. दसऱ्याला काय झालं, मी काय समजले, आणि खरं कळल्यावरही काय केलं. तुम्ही यावं असा आग्रह नाही. त्या खांबापाशी पुन्हा उभं राहायला सांगण्याचा हक्क मला उरलेला नाही.

मागणं दुसरंच आहे. ठोकळे अजून पेडलांवरच आहेत. मी कोणाला हात लावू दिलेला नाही. ते तुम्ही लावले, तुम्हीच काढावेत. शनिवारी सकाळी या. सोजरला घेऊन या. ताट घासून ठेवलं आहे, झेंडू मळ्यात आहे. किल्ली बॉनेटवर जिथं ठेवली होतीत तिथंच नेऊन ठेवली आहे. ती या वेळी तुमच्या हातून घेईन. मळ्यापासून फाट्यापर्यंत मी चालवीन, तुम्ही शेजारी बसा. गाडी बंद पडली तर हसा. मी काही बोलणार नाही, तुम्ही बोला. मग ठोकळे काढू.

नाही आलात तर रविवारी ट्रकवाला पान्यानं काढील. मी शेडकडे जाणार नाही.

सोजरला सांगा, उशी मी काढून घेतली आहे. ती गाडीबरोबर जाणार नाही.

जिला ओवाळायचं राहून गेलं, ती
तुमची वहिनी
भागिरथा