सुरभी नावाच्या फायली

दारव्हा, १४ ऑक्टोबर २००७

चि. सुरभीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं गाणी ऐकायचं यंत्र पोचलं. कापूस वेचायला जाताना कानात घालून गेले. गावातल्या भगवानरावांनी दंडारीच्या खेळात आपल्या घरच्या फोनवर भरलेली बाबांची गाणी आहेत, पण डफ जोरात आणि बाबा कुठेतरी मागे. मी घरी भरलेली तेवीस गाणी मात्र एकही नाही. सोबत वेचणारी मानीबाई म्हणाली, वैनी, कळ बरोबर काहून दाबत नाही. मग तिने दाबली, तिच्या जावेने दाबली, आणि यंत्रच बंद पडलं. तुझ्याकडे पाठवलेल्या फोनमध्ये वाजत होती ती गाणी यात येताना कुठे गेली? बाबांना जाऊन वर्ष होत आलं. लवकर कळव.

तुझी आई, वच्छला


नागपूर, १८ ऑक्टोबर

ती. आईस सा. न. वि. वि.

फोनमधली गाणी एएमआर प्रकारची होती. यंत्राला फक्त एमपीथ्री कळतं, म्हणून एकेक फाइल संगणकावर बदलावी लागली. भगवानरावांनी बाबांच्या नावाने, 'घनश्याम' म्हणून ठेवलेल्या चाळीस बदलल्या. तेविसांवर माझं नाव होतं. मला वाटलं, कॉलेजात असताना भरलेलं माझंच बेसूर गाणं असेल. न ऐकता पुसली. फोनही कोरा करून माझ्या मैत्रिणीला, नसरीनला दिला. बाबांच्या गाण्यांना माझं नाव कायले दिलंस गं?

तुझी चुकलेली, सुरभी


दारव्हा, २३ ऑक्टोबर

चि. सुरभीस आशीर्वाद.

राग आला म्हणून दोन दिवस लिहिलं नाही. तुझ्या बाबांचं नाव मी कधी घेतलं नाही. लोकांपुढे सुरभीचे बाबाच म्हणत आले. फोनने नाव मागितलं तेव्हा तुझं लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते? पण पुसण्याआधी एकदा ऐकायला तुला काय झालं होतं?

दंडारीतलं गाणं गावाचं आहे. घरी ते चुलीपुढे बसून गात, ओळ विसरले की थांबून मला विचारत. मी सांगितलेली ओळही त्यात आहे. आता मला कोणी काही विचारत नाही.

आई


नागपूर, २६ ऑक्टोबर

ती. आईस सा. न. वि. वि.

संगणकाची कचरापेटी मी रिकामी केली नव्हती. तेवीसही सापडल्या, पण चार उघडत नाहीत. काल दुकानात नेल्या, दुकानदारानेही हात टेकले. उरलेल्या एकोणीस बदलते आहे. या वेळी सगळ्या ऐकल्या. सातव्यात बाबा तीनदा विसरतात आणि तू चिडतेस. माझं नाव आता नको, पुन्हा घोटाळा होईल. काय नाव देऊ ते तूच लिहून पाठव.

तुझी सुरभी


दारव्हा, ३० ऑक्टोबर

चि. सुरभीस आशीर्वाद.

सोबत यादी आहे, एक ते तेवीस. चार उघडत नसल्या तरी त्यांनाही नाव दे, आणि या खेपेला काही पुसू नकोस. यादी मी मानीबाईला दाखवली नाही. पहिल्या ओळीवर गिचमिड झाली आहे. तिथेही घनश्यामच वाच.

तुझ्यावर माया आहेच.

तुझी आई, वच्छला