मंगळवारचा गडद पिवळा

नगर, मंगळवार, २१ एप्रिल

ती. सौ. गोजरवहिनींना अश्विनीचा वाकून नमस्कार. देवीच्या कृपेने आम्ही ठीक आहोत (ठीक म्हणजे कसे, ते खाली येईलच). दादांचा गुडघा कसा आहे? शेक चालू ठेवा, तेल मात्र बेतानं.

वहिनी, हे कंपनीत कायम झाले तर वर्षभर मंगळवारी दिवस मावळेपर्यंत पाणीही घेणार नाहीत, असा नवस मी तुमच्या कोल्हारच्या देवीला बोलले होते (यांना नंतर सांगितलं). हे कायम झाले, पण नेमके पावडर कोटिंगच्या खात्यात (लोखंडी भागांवर रंगाची पूड फवारतात तिथं). डोक्यापासून पायापर्यंत बंद झगा, हातमोजे, तोंडाला मास्क, आणि बाहेर बेचाळीस डिग्री. वर कंपनी म्हणे दर अर्ध्या तासाला काम थांबवून, झगा उतरवून सगळ्यांना पंख्याखाली बसवते आणि लिंबू-मीठ-पाणी पाजते. पगार देऊन बसवणारा मालक मी पाहिलेला नाही, त्यामुळे मला तिथंच शंका आली. समोर पेला आला की माणूस पिणारच. दर मंगळवारी हे घरी आले की मी जवळ जाऊन वास घ्यायचे. लिंबाचा कधी आला नाही (पण चूळ भरता येते).

गेल्या बुधवारी धुण्यात यांच्या खिशातून एक कार्ड निघालं. फिक्या पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत आठ रंग, आणि गडद रंगांवर पेनानं लिहिलेलं, 'मंगळ', 'मंगळ', 'मंगळ'. मला वाटलं, मला न विचारता घर रंगवायचा बेत आहे. मग वाटलं, कुणाचं घर? तशीच बसनं कारखाना गाठला.

फाटकावर यांचे सुपरवायझर अंगदराव भेटले. मी म्हटलं, "यातला दुसरा रंग स्वयंपाकघराला बरा दिसेल, पण हा गडद कुणासाठी?"

ते म्हणाले, "ताई, हे लघवीचे रंग आहेत. अंगात पाणी कमी पडलं की गडद होते. तुमचे मिस्टर दर मंगळवारी गडद. काल तर झग्यातच चक्कर येऊन पडले. आणि आम्हालाच म्हणतात, घरी सांगू नका."

वहिनी, यांनी चोरून एक घोटसुद्धा घेतला नव्हता.

तुमची,
अश्विनी

ता. क. : नवस बोलले मी, तर उपास मीच केला तर देवीला चालेल का, एवढं पुजाऱ्यांना विचारून कळवा. नाही म्हणाले तर कळवू नका. आज सकाळी यांना तांब्याभर पाणी पाजूनच पाठवलंय.

ता. क. २ : मी अजून घोट घेतलेला नाही. हे मात्र दर सुट्टीत कारखान्यातून फोन करून विचारतात, "प्यालीस का?" बायकोवर इतका संशय बरा नाही.