शेलूबाजारातलं खारं पाणी

शेलूबाजार,
वैशाख, १९७४

प्रिय विमल,
जयभीम.

काल मुंबईहून परत आलो. मी मुंबईला गेलो होतो हे वाचून तू दचकशील, म्हणून आधीच सांगतो की तुझी सासू बरी आहे आणि मीही बरा आहे. मासे आता आपल्या घरी नाहीत. पण जिवंत आहेत, चांगल्या जागी आहेत. नीट बसून वाच. सगळं सांगतो.

आपला देवमन ती काचेची टाकी घेऊन आला तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. मुंबईच्या मत्स्यालयात तो टाक्या धुवायचा. तिथे बिऱ्हाड करण्याइतकी जागा त्याला मिळेना, म्हणून तू इथे आमच्याजवळ आणि तो तिकडे. तू एकदा त्याला म्हणाली होतीस की मले समुद्र पाहायचा आहे. तर हा मुंबई-नागपूर फेरी करणाऱ्या गोविंदसिंगच्या ट्रकमधून समुद्रच घेऊन उतरला! खाऱ्या पाण्याचे डबे, पोवळ्याचा खडक, त्यावर हलणारं ते समुद्रफूल आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. अख्खा बाजार आपल्या दारात लोटला होता. शेजारच्या गोजराबाईनं बोट बुडवून पाणी चाखलं आणि थू करून म्हणाली, असल्या पाण्यात कोन जगते?

ते जगले ते तुझ्यामुळे. ऊन लागू नये म्हणून मधल्या घरात खड्डा करून टाकी त्यात बसवली, ती तुझीच युक्ती. नदीतले झिंगे ठेचून तू त्यांना भरवायचीस. वीज नसली की माझ्या सायकलच्या दुकानातली ट्रकची ट्यूब हवेनं भरून, तिला सलाइनची नळी जोडून, पाण्यात बुडबुडे सोडायचे, हे देवमननं तुला शिकवलं आणि तू मला. गोविंदसिंग नागपूरला जाताना नवं पाणी टाकून जायचा. दुष्काळाच्या साली लोक घागरी घेऊन रांगेत उभे आणि आपल्या घरात पाण्यानं भरलेले डबे. बाया कुजबुजायच्या. तू एकीला घरात बोलावून घोटभर प्यायला दिलंस, तेव्हा कुठे त्या गप्प झाल्या.

पाणी आटलं की कळावं म्हणून तू काचेवर बाहेरून कुंकवाची रेघ ओढली होतीस. देवमन कावीळ घेऊन घरी आला आणि त्यातच गेला. त्यानंतर एका सकाळी तू ती रेघ ओल्या फडक्यानं पुसलीस आणि चुलीतल्या कोळशानं दुसरी ओढलीस. मी दुकानात निघालो होतो. दारातून पाहिलं.

तू काही दिवसांसाठी आसेगावला भावाकडे गेलीस तेव्हापासून टाकीचं सगळं मीच करत होतो. पण गोविंदसिंगची फेरी आता बदलली, त्याला या रस्त्यावर यायला मिळणार नाही. शेवटच्या फेरीला तो आला तेव्हा मी म्हटलं, मलेही घेऊन चाल. दुधाच्या कॅनमध्ये मासे, बादलीत ते फूल, आणि मांडीवर ट्यूब घेऊन मी केबिनमध्ये बसलो. घाटात ट्रक हेलकावे खाई तसा मी कॅनला मिठी मारून बसे. गोविंदसिंग हसायचा, पण कुठे थांबला की आधी कॅनमध्ये डोकावून बघायचा.

मत्स्यालयात देवमनच्या जोडीचा रामधन भेटला. माझं नाव ऐकून तो पायाच पडला. त्यानं मासे एकदम सोडले नाहीत. तिथलं पाणी थोडं थोडं कॅनमध्ये मिसळत राहिला, मग सोडले. आपले दोघे आधी कोपऱ्यात चिकटून राहिले. बऱ्याच वेळानं त्यातली मोठी निघाली आणि एका मोठ्या समुद्रफुलात शिरली, तिच्यामागे धाकटा. रामधन म्हणाला, “देवमन हीच काच पुसायचा. रोज म्हणायचा, विमलले एक डाव इथं आणून उभी करतो.” मी तिथून बाहेर आलो. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे समुद्र. पाण्यात हात घातला, तर आपल्या मधल्या घराचा वास आला. पोराला माती देताना मी रडलो नव्हतो, विमल. तिथे खडकावर बसून रडलो. येणारेजाणारे बघत होते, बघू दिलं.

आता हे का केलं ते सांगतो. मागच्या महिन्यात तुझा भाऊ पंजाबराव आला होता. रिठदच्या शाळेतल्या मास्तराचं स्थळ त्यानं सांगितलं. बायको बाळंतपणात गेलेली, माणूस शांत. पंजाबराव मान खाली घालून म्हणाला, “मामा, थे नाही म्हणते. म्हणते, मासोयाईकडे कोन पाहीन?” तो गेल्यावर तुझी सासू चुलीपाशी जाऊन बसली. तिथूनच म्हणाली, “पोरगी त्याईच्या नावानं आपल्यासाठी अडकून राह्यली. नेऊन द्या त्याईले.” तिनं हे म्हटलं, जिनं पोटचा पोर गमावला, तिनं. म्हणून मी गेलो. येत्या रविवारी आम्ही दोघं आसेगावला येत आहोत. मास्तरालाही बोलावलं आहे. तू त्याच्याशी बोल, मनाला पटलं नाही तर सरळ नाही म्हण, कोणी शब्दानं दुखवणार नाही. पण आमच्यासाठी नाही म्हणू नको, ते मी ऐकणार नाही. तुझी सासू हिरव्या बांगड्या घेऊन येते आहे, तू हो म्हटलंस तर तीच तुझ्या हातात भरेल. आणि तुझे वडील नाहीत, तेव्हा बैठकीत त्यांच्या जागी मी बसेन.

तुझाच बाप,
भिवाजी